पऱ्हाटी, फवारणी आणि चेतापेशीतली वीज

२०१७ च्या कापूस हंगामाच्या अखेरीस राज्य सरकारने यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्या यादीत प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं मिश्रण होतं, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचं मिश्रण होतं, शिवाय ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस आणि डायफेनथ्युरॉन होतं. त्याआधीच्या काही महिन्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष भिनून वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि ठिकठिकाणच्या दवाखान्यांत भरती झाले होते. केळापूर तालुका या कापूसपट्ट्याच्या ऐन मध्यात आहे. इथे पांढरकवड्याच्या बाजारात कृषी केंद्रांच्या फळ्यांवर हीच नावं रांगेने लागलेली असत.

ती यादी शरीरशास्त्राच्या अंगाने वाचली, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. एकूण सात रसायनं. त्यांतली सहा थेट चेतासंदेशावर घाव घालतात. तीन एकाच ठिकाणी, उरलेली तीन तीन वेगळ्या ठिकाणी. सातवं चेतापेशीला जी ऊर्जा लागते तिच्याच मुळावर येतं. चेतापेशीत वीज कशी तयार होते, ती तंतूतून पुढे कशी सरकते, एका पेशीकडून दुसरीकडे कशी पोचते आणि वेळेवर कशी थांबते, या सगळ्या टप्प्यांवर या यादीतलं एखादं नाव उभं आहे. म्हणून हे पुस्तक केळापूरच्या वाचकासाठी लिहिलं. ज्याच्या घरात धान्याच्या कोठीमागे अशी बाटली ठेवलेली असते, त्याला हे शास्त्र कळण्याची गरज मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त आहे. आणि ते त्याला कळू शकतं. ते कठीण आहे, पण मिठापासून सुरू होतं.

पेशीबाहेरच्या द्रवात सोडिअम पेशीच्या आतल्यापेक्षा साधारण दहा-बारा पट असतं. पोटॅशिअमचं उलट, ते आत बाहेरच्यापेक्षा तीसेक पट. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या पटलात बसलेले प्रथिनांचे पंप रात्रंदिवस चालू असतात आणि एकेका खेपेला तीन सोडिअम बाहेर टाकून दोन पोटॅशिअम आत घेतात. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांना हा पंप १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत सापडला आणि त्यासाठी त्यांना चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शांत बसलेल्या पेशीचं पटल पोटॅशिअमला थोडीफार वाट देतं, सोडिअमला जवळजवळ देत नाही. त्यामुळे धनभार घेऊन पोटॅशिअमचे काही आयन बाहेर झिरपतात आणि आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते.

७० मिलिव्होल्ट म्हणजे घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलचा विसावा हिस्सा. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो ज्या पटलावर आहे त्याची जाडी पाहा: एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले, तर त्यातल्या एखाद्या भागाएवढी. एवढ्याशा अंतरात एवढा दाब म्हणजे दर मीटरला एक कोटी व्होल्टहून तीव्र विद्युतक्षेत्र. आकाशात वीज कडाडायला याहून कितीतरी कमी क्षेत्र पुरतं. आपल्या प्रत्येक चेतापेशीचं पटल हा ताण जन्मभर सोसत असतं, आणि तो टिकवण्यासाठी पंपाला सतत इंधन लागतं. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरतं त्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा त्याला लागतो. त्यातला मोठा वाटा हे पंप खातात. यादीतलं डायफेनथ्युरॉन इथे आड येतं. उन्हात आणि किडीच्या शरीरात त्याचं रूप बदलतं, आणि ते नवं रूप तंतुकणिकांमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पाडतं. इंधन संपलं की पंप थांबतो, पंप थांबला की ताण ओसरतो, आणि ताण नसलेली चेतापेशी संदेश पाठवू शकत नाही.

आता संदेश. तंतूच्या एखाद्या जागी आतली बाजू काही कारणाने थोडी कमी ऋण झाली, उणे ७० वरून उणे ५५ च्या आसपास आली, की पटलातल्या सोडिअमच्या मार्गिका एकदम उघडतात. बाहेर दाटलेलं सोडिअम आत घुसतं, आतली बाजू अधिक धन होते, म्हणून आणखी मार्गिका उघडतात. हजारांश सेकंदाच्या आत आतला भार उणे ७० वरून अधिक ३० ते ४० मिलिव्होल्टपर्यंत उडी घेतो. मग दोन गोष्टी होतात. उघडलेल्या सोडिअम-मार्गिका स्वतःहून मिटतात आणि थोड्या उशिराने पोटॅशिअमच्या मार्गिका उघडतात. पोटॅशिअम बाहेर पडतं, पेशी पुन्हा मूळ स्थितीत येते. सारा खेळ एक-दोन हजारांश सेकंदांचा. या उसळीला चेतावेग किंवा नुसतं आवेग म्हणतात. एका आवेगात इतके थोडे आयन इकडचे तिकडे होतात की, आत-बाहेरच्या प्रमाणात मोजता येण्याजोगा फरकही पडत नाही.

आवेग लहानमोठा नसतो. तो एकतर येतो किंवा येत नाही. मग हळू स्पर्श आणि जोराचा धक्का यांतला फरक मेंदूला कळतो कसा? केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात एकेका तंतूतले आवेग टिपून दाखवलं की उत्तेजना वाढली तर आवेगांची गर्दी वाढते, त्यांची उंची नाही. मला हा शोध या संपूर्ण विषयातला सगळ्यांत सुंदर वाटतो. जगातलं सगळं, पहिल्या पावसाचा वास असो की विळ्याने कापलेल्या बोटाची कळ, मेंदूकडे जाताना एकाच आकाराच्या ठोक्यांत जातं.

हे ठोके कशातून घडतात ते अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी शोधलं. माणसाचा चेतातंतू इतका बारीक असतो की त्या काळात त्याच्या आत तार घालणं अशक्य होतं. समुद्रातल्या माकुळाचा एक तंतू मात्र जवळपास मिलिमीटरभर जाड असतो. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत या दोघांनी त्याच्या आत विद्युतकांडी सरकवून आवेगाची उंची प्रत्यक्ष मोजली. काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं आणि काम थांबलं. युद्धानंतर ते पुन्हा कामाला लागले, आणि १९५२ मध्ये त्यांनी लागोपाठ शोधनिबंधांत सोडिअम-पोटॅशिअमच्या वाटा कधी, किती वेगाने उघडतात आणि मिटतात याची समीकरणं मांडली. ती सोडवायला हक्सलींकडे हाताने फिरवायचं गणनयंत्र होतं. तोवर कुणी मार्गिका पाहिलेली नव्हती. एकाच मार्गिकेतून वाहणारा प्रवाह एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमान यांनी जर्मनीत मोजला तो १९७६ मध्ये. चोवीस वर्षांपूर्वी आकड्यांतून ज्या जातीच्या वस्तूची चाहूल लागली होती, तशी वस्तू तेव्हा हाती लागली.

हा आवेग पुढे सरकतो कसा? पेरणीच्या आधी धुऱ्यावरचं वाळलेलं गवत एका टोकाला पेटवलं की प्रत्येक जळती काडी शेजारच्या काडीला पेटवते, आणि कुणी न नेता आग धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचते. तंतूत तसंच होतं. एका जागची उसळी शेजारच्या जागेला उंबरठ्यापर्यंत नेते, तिथे नवी उसळी उठते. फरक एवढाच की तंतू पुढच्या काही हजारांश सेकंदांत पुन्हा पेटायला तयार असतो. मधला क्षणभर मागची जागा थकलेली असते, म्हणून आवेग उलटा फिरत नाही. आणि प्रत्येक जागी उसळी नव्याने उठावी लागते, म्हणूनच तो तारेतल्या विजेइतका वेगवान नसतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूत हा वेग मोजला, तो सेकंदाला तीसेक मीटर निघाला. चेतनेला वेळ लागतो हेच तेव्हा अनेकांना पटेना. माणसात मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असलेल्या जाड तंतूंत तो सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे जातो, कारण आवेग वेष्टनातल्या एका फटीतून दुसऱ्या फटीकडे झेप घेतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत तो मीटरभरच असतो. पायात बाभळीचा काटा रुतला की आधी टोचल्याची तीक्ष्ण जाणीव होते आणि क्षणभराने ठणका येतो. दोन्ही संदेश एकाच वेळी निघालेले असतात. रस्ते वेगळे असतात.

सायपरमेथ्रिनचं काम इथे आहे. ते सोडिअम-मार्गिकेत जाऊन बसतं आणि तिला वेळेवर मिटू देत नाही. एका उसळीच्या जागी आवेगांची माळ सुटते, किडीचे स्नायू आकडतात, ती लुळी पडते. शेवंतीच्या जातभाई असलेल्या एका फुलातल्या विषावरून ही रसायनं घडवली गेली. माणसाची मार्गिका त्यांना किडीच्या मार्गिकेइतकी बळी पडत नाही, आपलं शरीर किडीपेक्षा उबदार असतं आणि आपलं यकृत त्यांचे लवकर तुकडे करतं, म्हणून ती आपल्याला तुलनेने सौम्य. तरी फवारून आल्यावर चेहऱ्याची आग होणं, ओठांना झिणझिण्या येणं हा अनुभव या भागात घरोघरचा आहे. ती उन्हाची काहिली नसते. कातडीखालच्या चेतातंतूंच्या टोकांवर तेच विष तेच काम करत असतं.

या मार्गिकेचा एक धागा मुंबईतून जातो. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. फळमाशीच्या काही जाती अशा होत्या की तापमान वाढलं की त्या लुळ्या पडायच्या आणि गारवा मिळताच उठून चालू लागायच्या. त्यांच्या चेतासंस्थेत नेमकं काय बिघडतं याचा शोध सिद्दिकी आणि सीमोर बेंझर यांनी घेतला, आणि १९७६ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. त्यातल्या एका जातीत बिघडलेलं जनुक सोडिअम-मार्गिकेचं आहे हे पुढे स्पष्ट झालं. आज डास, माश्या आणि पिकांवरच्या कितीतरी किडी सायपरमेथ्रिनच्या कुळातल्या औषधांना दाद देत नाहीत, त्याचं एक मोठं कारण याच जनुकात झालेले बदल. शेतकरी म्हणतो, औषध लागू होत नाही, आणि मात्रा वाढवतो. मार्गिकेचा आकारच बदललेला असेल तर मात्रा वाढवून कीड फारशी मरत नाही. अंगावर विष मात्र वाढतं. प्रतिकाराचं प्रकरण या पुस्तकात म्हणूनच मोठं आहे.

तंतूच्या टोकाला आवेग पोचला की वीज तिथे थांबते. पुढच्या पेशीपर्यंत एक फट असते. चेतातंतू आणि स्नायू यांच्यामधली फट मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास. ती ओलांडायला रसायन लागतं. ग्राझच्या ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाच्या मज्जातंतूला उत्तेजित करून ते मंदावलं, आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. मज्जातंतूला हातही न लावता दुसरंही मंदावलं. द्रवात जे काही होतं ते ॲसिटिलकोलीन निघालं. लोवी आणि लंडनचे हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं. पुढे बर्नार्ड कात्झ यांनी दाखवलं की हे रसायन हजारो रेणूंच्या ठरावीक पुड्यांत सुटतं. आवेग पोचला की टोकात कॅल्शिअम शिरतं, पुड्या फुटतात, रेणू पलीकडच्या ग्राहींना चिकटतात, स्नायू आखडतो. आणि लगेच ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं विकर त्या रेणूंचे तुकडे करून फट साफ करतं. या विकराचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो. शरीरातल्या सर्वांत वेगवान विकरांपैकी ते एक. ते इतकं वेगवान नसतं तर बोट एकदा वाकलं की सरळ व्हायला वेळ लागला असता, आणि छातीच्या स्नायूंनी एक श्वास घेऊन दुसऱ्यासाठी मोकळं होणं अवघड झालं असतं.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस आणि ॲसिफेट या विकरावर बसतात. ॲसिफेट स्वतः तितकं जहाल नाही. किडीच्या शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते जहाल. पण तिघांचं काम एकच: विकराच्या मध्यावर फॉस्फरसचा एक गट घट्ट चिकटवून ठेवणं. या कुळाचा उगम १९३० च्या दशकातल्या जर्मनीत. गेऱ्हार्ड श्राडर कीटकनाशकं शोधत होते, आणि त्यातून १९३६ मध्ये टाबुन हा युद्धात वापरता येईल असा विषारी वायू हाती आला. पऱ्हाटीवर मारायचं औषध आणि तो वायू यांची मात्रा वेगळी, जहालपणा वेगळा, पण शरीरातली जागा तीच.

विकर बंद पडलं की ॲसिटिलकोलीन साचत जातं. घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. उलट्या आणि जुलाब होतात, छातीत स्राव भरून घरघर सुरू होते. अंगावरचे स्नायू आपोआप फडफडतात, मग दमून ढिले पडतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. ही लक्षणं दहा ठिकाणच्या दहा बिघाडांची वाटतात. मूळ एकच, त्या फटीत न फुटलेले रेणू.

उपचारही तिथूनच कळतो. ॲट्रोपीन हे ग्रंथी, आतडी, श्वासनलिका आणि हृदय यांच्यावरच्या ग्राहींना झाकतं, म्हणून साचलेलं ॲसिटिलकोलीन तिथे निष्प्रभ होतं. छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर ते देत राहतात. मात्रा मोठी लागते, त्यामुळे रोगी बरळतो, अंथरुणातून उठू पाहतो, कधी त्याचे हात बांधावे लागतात. नातेवाइकांना वाटतं दवाखान्याने आणखी बिघडवलं. त्यांच्यापर्यंत ही एक गोष्ट पोचावी म्हणून मी ती इथे प्रस्तावनेतच लिहितो: ते बरळणं ॲट्रोपीनचं असू शकतं, आणि त्याच ॲट्रोपीनने छाती मोकळी ठेवलेली असते. मात्र ॲट्रोपीन स्नायूंवरच्या ग्राहींना हात लावत नाही. स्नायू ढिले पडले तर श्वासयंत्रच लागतं. प्रॅलिडॉक्सिम हे दुसरं औषध विकरावरचा फॉस्फरसचा गट ओढून काढतं, पण वेळेत दिलं तरच. काही तासांनी, काही रसायनांच्या बाबतीत त्याआधीही, तो गट असा पक्का होतो की मग निघत नाही. पांढरकवड्याहून यवतमाळला पोचायला लागणारा वेळ या हिशेबात धरावा लागतो. कापूसपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ॲट्रोपीनचा भरपूर साठा आणि रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय असायला हवी, हे माझं ठाम मत आहे, आणि हे पुस्तक ते लपवत नाही.

ॲट्रोपीन आपल्या धुऱ्यावरच्या धोत्र्यातही असतं. त्याच्या बिया खाल्लेल्या माणसाच्या बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, तो भ्रमिष्टासारखा वागतो. फवारणीच्या विषबाधेच्या नेमकं उलट. म्हणून कुणी फवारणीच्या रोग्याला घरी धोत्रा देऊ नये. झाडात किती विष आहे ते कुणाला ठरवता येत नाही, आणि दोन विषं एकमेकांना फेडत नाहीत.

ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींचे दोन मोठे प्रकार आहेत, आणि विदर्भात ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खर्ऱ्यातल्या तंबाखूतलं निकोटीन एका प्रकारच्या ग्राहीला लागतं, सुपारीतलं ॲरेकोलीन दुसऱ्या प्रकारच्या. पहिल्यांदा खर्रा खाणाऱ्याला घाम फुटतो, लाळ सुटते, गरगरतं, ते यामुळे. यादीतलं इमिडाक्लोप्रिड निकोटीनच्याच पावलावर घडवलेलं रसायन. ते किडीच्या ग्राहीला घट्ट धरतं, आपल्या ग्राहीला सैल, म्हणून माणसासाठी कमी धोक्याचं. पण कमी म्हणजे शून्य नाही. आणि फवारणीच्या मध्येच ओल्या हाताने खर्रा घोटून तोंडात टाकणाऱ्याच्या पोटात बाटलीतलं जे काही असेल ते जातं.

सगळेच संदेश पेटवणारे नसतात. काही चेतापेशी दुसऱ्यांना गप्प करतात; त्यांच्या रसायनाने क्लोराइडच्या मार्गिका उघडतात आणि पुढच्या पेशीला उसळी घेणं अवघड होतं. मेंदू या आवरण्यावर चालतो. फिप्रोनिल या मार्गिका बुजवतं. आवर गेला की पेशी एकमेकींना पेटवत सुटतात, म्हणून त्याच्या विषबाधेत झटके येतात.

आता मिश्रणांबद्दल, कारण खरा धोका तिथे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. यकृतातली जी विकरं सायपरमेथ्रिनचे तुकडे करून आपल्याला वाचवतात, त्यांनाही प्रोफेनोफॉससारखी रसायनं बंद पाडतात. दोन्ही एकत्र फवारली की सौम्य समजलेलं विष शरीरात जास्त वेळ टिकतं. एका पंपात दोन-तीन औषधं मिसळण्याची सवय हंगाम कठीण गेला की वाढते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीची धास्ती होती, पऱ्हाटी माणसाच्या छातीच्या वर वाढलेली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. मजुरांनी हातमोजे आणि मुखपट्टी वापरली नाही, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. भाद्रपदाच्या दमट उकाड्यात प्लॅस्टिकचा अंगरखा घालून, पाठीवर भरलेला पंप घेऊन दिवसभर चालणं किती जणांना जमेल, याचा विचार बोलणाऱ्यांनी केला नव्हता. फवारणी करणारे पुष्कळ जण भूमिहीन असतात. या तालुक्यात त्यांत कोलाम आणि गोंड मजूरही असतात. बाटली त्यांनी विकत घेतलेली नसते, मिश्रण त्यांनी ठरवलेलं नसतं, लेबल त्यांना वाचून दाखवलेलं नसतं. गळक्या पंपातून पाठीवर ओघळणारं पाणी कातडीतूनच आत जातं. नाकातोंडातून जाणाऱ्या विषाची सर्वांना भीती वाटते, ओल्या शर्टाची वाटत नाही. फवारणीत बहुतेक विष कातडीतून शिरतं.

सापाविंचवांवरही या पुस्तकात एक प्रकरण आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश जेमतेम जाणवतो. तिचं विष चेतातंतूच्या टोकातल्या पुड्यांची व्यवस्थाच उद्ध्वस्त करतं. सकाळी पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास. नागाचं विष प्रामुख्याने पलीकडच्या ग्राहीला झाकतं. म्हणून नागाच्या दंशात प्रतिविषासोबत निओस्टिग्मीन देतात, आणि त्याबरोबर ॲट्रोपीन. निओस्टिग्मीन काय करतं? तेच ॲसिटिलकोलिनेस्टरेज काही काळ रोखतं, म्हणजे फटीत ॲसिटिलकोलीन वाढतं आणि ते विषाला ग्राहीवरून हटवू लागतं. जे काम मोनोक्रोटोफॉस कायमचं करून माणूस मारतं, तेच मोजून-मापून, थोड्या वेळासाठी केलं तर माणूस वाचतो. मण्यारीच्या दंशात मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे सोडायला ॲसिटिलकोलीनच उरत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन लागू पडतं हे दाखवलं, त्याचाही उलगडा इथेच होतो. तो विंचू सोडिअम-मार्गिका मिटू देत नाही, चेतासंस्था वादळासारखी उठते, हृदयावर ताण येतो, आणि प्राझोसिन त्या वादळाचं रक्तवाहिन्यांवरचं टोक बोथट करतं.

पहिली चार प्रकरणं आयन, पटल आणि आवेग यांची आहेत. दहावीचं विज्ञान आठवत असेल तर ती जमतील. ती जड वाटली तर थेट फटीच्या प्रकरणापासून वाचावं आणि अडलं तिथे मागे यावं. पुस्तक तशाच वाचनासाठी रचलं आहे. शेवटचं पान वेगळं आहे. ते कापून गोठ्याच्या किंवा कोठीच्या दारावर लावता येईल. त्यावर एवढंच आहे: फवारणारा माणूस घामाने डबडबला, लाळ गळू लागली, बाहुल्या बारीक झाल्या किंवा स्नायू फडफडू लागले तर आधी त्याला शेतातून बाजूला घ्या आणि सगळे कपडे काढा. साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, केस आणि नखं विसरू नका, धुणाऱ्याने आपले हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावेत. मीठपाणी पाजून उलटी करवू नका, दूध-तूप देऊ नका. माणूस निपचित असेल तर पाठीवर न ठेवता कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा. फवारणी कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा. आणि बाटली घट्ट झाकण लावून, पिशवीत घालून सोबत न्या, फेकू नका. दोन-तीन औषधं मिसळली असतील तर सगळ्या बाटल्या न्या. लेबलवरचा रंगीत त्रिकोण विषाची पातळी सांगतो, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्याखाली रसायनाचं नाव आणि उताऱ्याची माहिती बारीक अक्षरांत छापलेली असते. डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत तीच लागते.